दात येणारे पिल्लू, लाकडी टेबल आणि मुलाचा अंगठा

सहा डिसेंबरला नायगावच्या आमच्या चाळीतली निम्मी घरे चैत्यभूमीवर असतात. आम्ही दोघेही दरवर्षीप्रमाणे पहाटेपासून शिवाजी पार्कवर पाणीवाटपाला उभे होतो. आई आणि मुलगा दुपारी तिकडेच आले. रात्री दहाला दार उघडले, तर खोलीभर लाकडाचा भुसा. तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर ज्या टेबलावर असते, त्या टेबलाचा पुढचा पाय खालून वीतभर कुरतडलेला. आणि मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला आमचा साडेतीन महिन्यांचा शेरू.

ते टेबल साधे नव्हते. अण्णा लालबागच्या गिरणीत होते. ८२च्या संपाआधी, पगार हातात असताना, त्यांनी चाळीतल्याच सुताराकडून सागवानाचे करून घेतले होते. संपात घरातली भांडी गेली, पण टेबल राहिले. त्यामुळे त्या रात्री घरात काय झाले असेल, याची कल्पना वाचकांना येईल. आवाज चढले, झाडू उचलला गेला, "उद्याच्या उद्या याला सोडून या" इथपर्यंत बोलणे आले. आणि त्यानंतर आठ दिवसांनी जे घडले, त्यामुळे आम्ही हा विषय आरोग्याच्या पानावर मांडत आहोत.

आपल्या वस्त्यांत कुत्रे पाळणारी घरे वाढत आहेत. जिन्याखाली पावसाळ्यात पिल्ले होतात, मुले एखादे उचलून आणतात आणि ते घरचे होऊन जाते. आमच्याकडेही ऑक्टोबरमध्ये शेरू तसाच आला. तेव्हा आईचाच विरोध होता. मुलाने तिला पुस्तकातले एक छायाचित्र दाखवले. फेब्रुवारी १९३४ मधले, राजगृहावरचे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. आई म्हणाली, "त्यांच्या घरी होता, तर मग राहू दे." पण कुत्रा ठेवायचा म्हणजे काय काय करायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

पिल्लू लाकूड का कुरतडते?

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचे झाले की ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात. आपली बाळे दात येताना सापडेल ते तोंडात घालतात, तसेच हे. लाकूड पिल्लाला आवडते, कारण ते दाबले जाते, दात रुततो आणि हिरडीला बरे वाटते. फरशीवर किंवा चादरीत एखादा तांदळाएवढा दात सापडला, थोडे रक्त दिसले, तर घाबरू नये. बहुतेक दात पिल्लू गिळूनच टाकते.

दात येऊन गेल्यावरही वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत तरुण कुत्र्याला चावायला काहीतरी लागतेच. त्याची कारणे वेगळी असतात. अंगात शक्ती असते आणि दिवसभर साखळी. घरात कोणी नसते आणि एकटेपणाची भीती वाटते. किंवा पोट भरलेले नसते. आमच्या घरी सहा डिसेंबरला ही सगळी कारणे एकत्र आली होती. दात पडायला लागलेले पिल्लू, सकाळी एक चपाती, आणि बंद खोलीत दिवसभर एकटे. त्याने टेबलाचा राग काढला नव्हता. त्याच्या तोंडाच्या उंचीला जे लाकूड होते, ते त्याने धरले.

मारल्याने काय होते?

मारल्याने कुरतडणे थांबत नाही. आपण रात्री दहाला येऊन दुपारी दोनच्या गोष्टीसाठी मारले, तर त्या माराचा टेबलाशी काही संबंध आहे हे कुत्र्याला कळत नाही. त्याला एवढेच कळते की माणसे घरी आली की मार बसतो. ते कान पाडून कोपऱ्यात बसते, त्याला आपण 'बघा, चूक कळली' म्हणतो. खरे तर ती भीती असते. भ्यालेले पिल्लू पुढे दोनच गोष्टी शिकते. माणसे नसताना कुरतडायचे आणि हात अंगावर आला की चावायचे.

आमच्याकडे तेच झाले. आठ दिवसांनी शेरू पुन्हा त्याच पायाला लागला. आम्ही झाडू उगारला. तो टेबलाखाली शिरला. सात वर्षांचा मुलगा त्याला वाचवायला म्हणून मागून वाकला आणि त्याला ओढू लागला. शेरूने वळून त्याचा अंगठा धरला. एका क्षणाची गोष्ट, पण अंगठ्यातून रक्त आले.

पंचशीलातले पहिले शील आपण लहानपणापासून म्हणतो. त्या दिवशी आम्हाला त्याचा आणखी एक साधा अर्थ कळला. मुक्या जनावरावर उगारलेला हात फिरून आपल्याच लेकरावर येऊ शकतो.

चावल्यावर काय करावे?

शेजारच्या मावशी मिरचीची पूड घेऊन आल्या. कोणी हळद म्हणाले, कोणी चुना. आई म्हणाली, "घरचंच पिल्लू आहे, दुधाचे दात आहेत, काही होत नाही." हे सगळे सल्ले मायेपोटी होते आणि सगळे चुकीचे होते. शेरूला रेबीजची लस दिलेली नव्हती. तीन महिन्यांचा झाला की द्यायची असते, आणि आम्ही 'पगार झाल्यावर बघू' म्हणत पुढे ढकलली होती.

रेबीज घरचा आणि रस्त्यावरचा असा भेद करीत नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही असेच म्हणावे लागते. संशयित जनावराने चावलेल्या माणसांत दहापैकी चार जण पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतला, तर हा रोग टाळता येतो. म्हणून हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

१. जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. कपडे धुण्याचा साबणही चालतो. पाण्याची वेळ गेली असेल, तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहावे.

२. मिरची, हळद, चुना, तेल, तंबाखू, कॉफी यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. टाके घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

३. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजविरोधी लस मिळते.

४. रक्त न येता ओरखडा उठला असेल, तरी लस लागते. रक्त आले असेल, किंवा कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. लसीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. हे इंजेक्शन तोपर्यंत जखमेतल्या विषाणूला अडवते. डॉक्टरांना त्याबद्दल स्पष्ट विचारावे.

५. सगळ्या तारखा पाळाव्यात. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस पहिला (तो शून्य धरतात), मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. शेवटची तारीख बहुतेक जण विसरतात. आम्ही ती कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली.

जुन्या माणसांच्या मनात 'पोटात चौदा इंजेक्शने' ही भीती अजून आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. २००४-०५ पासून ती आपल्या देशात बंद झाली. आताची लस दंडात घेतात आणि मूल थोडे रडून गप्प होते. आजीच्या पिढीला हे समजावून सांगा, कारण घरात सल्ला त्यांचाच चालतो.

एक गैरसमज आणखी आहे. 'दहा दिवस कुत्र्याकडे बघू, मग ठरवू.' कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते हे खरे, पण लस सुरू करून. कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिला, तर पुढच्या डोसांबद्दल डॉक्टर सांगतील. थांबून राहणे हा उपाय नव्हे.

कुरतडणे कधी साधे नसते?

सगळेच कुरतडणे दात येण्याचे नसते, आणि हा फरक जीव वाचवणारा आहे. दात येणारे पिल्लू एरवी खेळते, खाते, शेपटी हलवते, हाक मारली की येते. पण कुत्र्याचा स्वभाव दोन-तीन दिवसांत अचानक बदलला, ते अंधारात लपू लागले किंवा विनाकारण अंगावर येऊ लागले. लाकूड, दगड, लोखंड, माती असे खाण्याचे नसलेले पदार्थ वेड्यासारखे चावू लागले. आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबू लागला, गिळता येईना, चाल लटपटू लागली, तर रेबीजचा संशय धरावा.

अशा वेळी लोक एक चूक हमखास करतात. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालतात. कृपा करून घालू नका. मुलांना बाहेर काढा, दार बंद करा, आणि पशुवैद्याला किंवा महापालिकेला कळवा. त्याच्या लाळेशी संबंध आलेल्या प्रत्येकाने दवाखाना गाठावा.

छोट्या खोलीत करायचे काय?

बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत कुत्र्याला वेगळी जागा कुठून आणणार? पुस्तकात लिहितात, 'पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा.' आपल्याकडे दुसरी खोली नसते. तेव्हा आम्ही जे केले आणि ज्याचा उपयोग झाला, ते सांगतो.

लाकूड झाका. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे आणले, उभे चिरले आणि टेबलाच्या व दिवाणाच्या पायांना खालून बसवले. गुळगुळीत पाइपवर दात रुतत नाही. चपला, पाट, पोळपाट, मुलांची दप्तरे माळ्यावर किंवा खिळ्याला गेली. तोंडापुढे वस्तू नसेल, तर निम्मे काम होते.

कडू लावा, विषारी नको. कडुनिंबाचा पाला वाटून पायांना चोळला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. काही पिल्ले त्यालाही जुमानत नाहीत, तेव्हा यावरच विसंबू नये. फिनेल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या किंवा मिरची कधीही लावू नये. डांबराची गोळी आणि उंदराचे औषध कुत्र्याचा जीव घेऊ शकतात, आणि त्याच खोलीत आपले रांगते मूलही असते.

चावायला त्याचे स्वतःचे द्या. जुन्या जीन्सच्या कापडाला पीळ देऊन घट्ट गाठी मारल्या, पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवले. गार कापडाने हिरडी शांत होते. धागे सुटू लागले की ते टाकून द्यावे. मोठे कच्चे गाजरही गार करून देता येते; तुकडा छोटा झाला की काढून घ्यावा. जुनी चप्पल मात्र देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती हे कुत्र्याला कळत नाही. मटण-चिकनची शिजवलेली हाडे तर नकोतच. ती तडकून टोकदार होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. साधी परीक्षा अशी, की अंगठ्याचे नख दाबून जी वस्तू जराही दबत नाही, ती दाताला फार कठीण.

हिसकावू नका, बदला. पिल्लाने पाय किंवा चप्पल धरली, की ओरडू नये, तोंड उघडून ओढू नये. भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकापुढे धरावा आणि 'सोड' म्हणावे. सोडले की तुकडा द्यावा आणि हातात त्याचे कापड द्यावे. ते कापड चावताना दिसले की पाठीवरून हात फिरवावा. आठ-दहा दिवसांत 'सोड' शब्द समजू लागतो. हे काम घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने करावे. एकाने बदलायचे आणि दुसऱ्याने झाडू घ्यायचा, असे चालत नाही.

मुलांना नियम शिकवा. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना, टेबलाखाली किंवा कोपऱ्यात शिरलेला असताना त्याला हात लावायचा नाही. तोंडातली वस्तू मोठ्यांनी घ्यायची, मुलांनी नाही. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडायचे नाही, तो कितीही गरीब असला तरी.

पोट आणि पाय. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला लागते. नुसत्या दूध-चपातीवर वाढ होत नाही. भात, अंडे, हाडे काढलेले उकडलेले चिकन असे काही द्यावे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट त्याला बाधते. लसी पूर्ण झाल्यावर सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून फिरवावे. दमलेले पिल्लू झोपते, आणि झोपलेले पिल्लू टेबल खात नाही.

एकटे राहण्याची सवय. पहिल्याच दिवशी आठ तास कोंडू नये. आधी पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास असे वाढवावे. निघताना गार कापड त्याच्यापुढे टाकावे. दिवसभर बाहेर जायचे असेल, तर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी. चाळीत ही सोय आहे. ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्यांना ती विचारून उभी करावी लागते. दोन फुटांच्या साखळीला दिवसभर बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. जनावराला फार आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याने कुत्रे अधिक चावरे होते.

लाकूड पोटात गेले तर

थोडा भुसा शौचावाटे निघून जातो. पण मोठी ढलपी, सनमायकाचा तुकडा, स्क्रू किंवा कापड गिळले असेल आणि पिल्लू सारखे ओकत असेल, खात नसेल, शौचाला होत नसेल, पोट फुगले असेल, तोंडातून किंवा शौचातून रक्त येत असेल, तर वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा प्रयत्नही करू नये. टोकदार तुकडा वर येताना अधिक इजा करतो.

जुन्या लाकडावरच्या तैलरंगाचीही काळजी घ्यावी. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरेच असू शकते. असा पोपडा पिल्लाला घातक आणि रांगत्या बाळालाही. कुरतडलेल्या जागेचा भुसा कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

लस आणि दवाखाना

पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्ले मारणाऱ्या रोगांची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनी, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची आणि दरवर्षी. जंताचे औषधही वेळच्या वेळी द्यावे, कारण पिल्लाचे जंत मुलांना होऊ शकतात. आपल्या भागातल्यांना लांब जावे लागत नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटीट रुग्णालय आहे, तेच ते, ज्याला आपली माणसे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच. लसीचे कार्ड जपून ठेवावे. महापालिकेच्या परवान्यासाठी ते लागते, आणि उद्या कुत्रा कोणाला चावला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

आमच्या मुलाचे चारही डोस पूर्ण झाले. चौथ्या वेळी तो एकटाच आत गेला आणि बाहेर येऊन दंड दाखवत बसला. शेरू दहा दिवस नजरेखाली होता, ठीक राहिला, मग त्याला बैलघोड्याला नेऊन लस दिली. त्या लसींवर जेवढा खर्च आला, तेवढा आम्ही आधी केला असता, तर मुलाच्या अंगठ्याला सुई लागली नसती.

टेबलाचा पाय सुताराला दाखवला. त्याने भुसा आणि गोंद भरून, घासून नीट केला. बारकाईने पाहिले तर दातांच्या खुणा दिसतात. आई रोज सकाळी तिथे फुले ठेवते, आणि शेरू पायाशी आपले कापड चावत बसलेला असतो.